दुपारी दिवा मागणारी हौसा

तळेघरच्या वरच्या वाडीतल्या हौसावर अन्याय झाला. गेल्या वर्षी, दिवाळी सरल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, घोडेगावच्या एका मंगल कार्यालयात. मोफत नेत्र शिबिर होतं. कुणी तिला शिवी दिली नाही, कुणी हात उगारला नाही. इस्त्रीच्या शर्टातल्या एका तपासनिसानं तिच्या तोंडासमोर दोन बोटं धरली आणि विचारलं, "किती?"

हौसाला मोजता येत नाही. कधीच येत नव्हतं. ती खुर्चीतून पुढे झुकली, त्याची बोटं मुठीत धरली, नाकाशी नेली आणि खुशीत म्हणाली, "हात हाय. साबन लावलंय."

सगळा मांडव हसला. तपासनीसही हसला. मग तिच्या वहिनीला म्हणाला, "मावशी, हिला समजतच नाही. कशी तपासणार? चला, पुढचे या."

झालं. तपासणी संपली. तळेघरहून पहाटेच्या गाडीनं आलेली बाई परत निघाली.

मी तिथे दिव्यांग प्रमाणपत्राची पत्रकं वाटत उभी होते. जवळच होते. मला हौसाच्या उजव्या डोळ्याची बाहुली दिसत होती. पांढरी. दह्याचा थेंब पडून सुकावा तशी. मी काही डॉक्टर नाही, ओतूरच्या कॉलेजात बी.ए. केलंय. मला जे लांबून दिसलं ते त्याला वीतभरावरून दिसलं नाही, कारण तो डोळ्यात बघतच नव्हता. तो चेहरा बघत होता. बसकं नाक, तिरपे डोळे, ओठांतून जरा बाहेर आलेली जीभ. डाऊन सिंड्रोम. चेहरा बघितला आणि त्याचा निकाल लागला.

मी त्याला तिथेच धरलं. म्हटलं, "तिला मोजता येत नाही, पण तुम्हाला बॅटरी मारता येते ना?"

तो म्हणाला, "मॅडम, मागे लाईन बघा केवढी आहे."

ती लाईन मी बघितली. लाईनीतल्या एकानेही "थांबतो की आम्ही, तिला बघा नीट" असं म्हटलं नाही. उलट एक फेटेवाले आजोबा म्हणाले, "आवो ताई, येड्याला चष्मा देऊन काय पेपर वाचायला लावताय?" पुन्हा हशा. आणि हौसाही हसली. सगळे हसले की ती हसायची. तिला वाटायचं, काहीतरी चांगलं झालंय.

कार्यालयाबाहेर वडापच्या जीपची वाट बघत तिची वहिनी कमल माझ्याशी बोलली. हौसा तिचा पदर धरून उन्हात उभी होती. डोक्यावर सूर्य, डांबर तापलेलं, आणि हौसा एकदम म्हणाली, "वैनी, लाईट लाव की."

कमलवहिनी ओशाळून हसली. "हिचं आसंच आस्तंय ताई. भर दुपारी लाईट मागती. वाडीत पोरं चिडवत्यात, हौसाला बारा वाजता दिवा पायजे म्हून."

"कधीपासून मागते?"

"लई वर्सं झाली. आदी मागत नव्हती."

मी पुन्हा विचारलं, आधी म्हणजे? वहिनीला सांगता आलं नाही. लग्न होऊन आली तेव्हा हौसा शेरडांमागे रानात एकटी जायची, एवढं तिला आठवत होतं. मग कधीतरी जायची बंद झाली. का, ते कुणी विचारलं नाही. वाडी म्हणाली, वय झालं तसं येडेपण वाढलं.

मला अजून राग येतो तो इथे. ती बाई वर्षानुवर्षं, स्वच्छ मराठीत, रोज, सगळ्यांना सांगत होती की मला दिसत नाही. लाईट लाव. याहून सोपं वाक्य कुणी कसं बोलायचं?

पुढे प्रमाणपत्राच्या कागदांसाठी मी तिच्या घरी जाऊ लागले. तळेघरला एसटीतून उतरायचं आणि खाचरांच्या बांधावरून वर चालत जायचं. त्या येण्याजाण्यात मला हौसा कळली.

पस्तिशीची असेल. नक्की वय घरात कुणालाच माहीत नव्हतं. ठेंगणी, गोल, हातपाय लहान. माणूस आलं की आधी "कोन? तू का?" विचारणार. कुणीही असो, "तू का?" मग हात पकडून वास घेणार, आणि वास पटला की तो हात गालाला लावणार. माझ्या हाताला पत्रकाच्या शाईचा वास यायचा. त्यामुळे मी तिची "शाईवाली" झाले. मला ताई म्हण म्हणून वहिनीनं शिकवून बघितलं. "शाईवाली ताई," हौसा म्हणाली. तडजोड झाली.

उंबरा ओलांडताना ती एक पाय उचलून हवेत धरायची, पुढची जमीन अंगठ्यानं चाचपायची, मग टेकवायची. बगळ्यासारखी. वाडीत तिला बगळीच म्हणायचे. तिला ते नाव आवडायचं. ताटात भात आणि नाचणीची भाकरी असली तर भाकरी सापडायची, भात सांडायचा. पांढऱ्या जर्मनच्या ताटात पांढरा भात. "भाताला हिचा हात लागत न्हाई, नाचणीच खाती, गरिबाची पोर," असं तिचा भाऊ किसनदादा कौतुकानं सांगायचा. मी एकदा भात काळ्या तव्यात वाढायला लावला. हौसानं तवा पुसून खाल्ला. किसनदादा बघत राहिला. मग उठून बाहेर गेला.

हिरड्याच्या दिवसांत अंगणात हिरडा वाळत घातला की राखणीला हौसा. हातात निरगुडीची काठी. कोंबडीचा आवाज आला की त्या दिशेला काठी. एका वर्षी सरपंच मतं मागायला आले. कोल्हापुरी चपला करकर वाजत होत्या. हौसाची काठी थेट पोटरीवर बसली. "हूऽऽश!" वहिनी सांगताना अजून हसून लोळते. "सरपंच उडालंच राव! म्हनलं, आवो तिला कळत न्हाई. तर म्हंत्यात कसं, कळत न्हाई मंग काठी कशाला देता?" मीही पोटभर हसले. मग लक्षात आलं. एवढा दांडगा माणूस आणि कोंबडी यांतला फरक जिला दिसत नव्हता, तिच्याबद्दल सगळ्या वाडीनं एकच निदान केलं होतं, की कळत नाही.

पण सगळ्यात वाईट गोष्ट आहुप्याची.

कमलवहिनीचं माहेर आहुपे. तिथल्या देवराईत तिच्या माहेरच्यांचं वर्षाचं जेवण असतं. चपला बाहेर काढायच्या, आत मोठ्यानं बोलायचं नाही, पडलेली काटकीही घरी आणायची नाही. हौसाला सगळे घेऊन जायचे. उघड्या माळावरून ती वहिनीचा पदर धरून बरी चालायची. झाडांची सावली सुरू झाली की जागच्या जागी फतकल मारायची. ओढलं तर किंचाळायची. तीन माणसं लागली तरी आत जायची नाही.

माणसांनी काय अर्थ लावला? देव हिला आत घेत नाही. हिच्यात काहीतरी आहे, ते देवाला भितं.

एकदा ठरलं की ठरलंच. तिला जेवणाला नेणं बंद झालं. मग सत्यनारायणाला मागे बसवलं. भाचीच्या लग्नात तिच्या हातात अक्षता दिल्या नाहीत. त्या भाचीला हौसानं मांडीवर वाढवलेलं. लग्नाच्या दिवशी तिला मागच्या पडवीत बसवलं आणि लाडू दिला. तिनं तो खाल्ला नाही. मुठीत धरून बसली, पाक गळेपर्यंत.

गच्च झाडीत दिवसाही अंधार असतो, ज्याला जेमतेम उजेड-अंधार कळतो त्याच्या पायाखालची जमीनच तिथे नाहीशी होते, हे कुणाला सुचलं नाही. देव सुचला, भूत सुचलं. मोतीबिंदू सुचला नाही.

माघात मी वर गेले तेव्हा अंगणातूनच आवाज ऐकू आला. जनावर कण्हतं तसा. आत हौसा घराच्या मेढीला, मधल्या खांबाला, टेकून बसलेली, दोन्ही हात जुन्या लुगड्याच्या पट्टीनं मेढीला बांधलेले. उजव्या बाजूचा अख्खा चेहरा सुजलेला. कपाळावर भगताचा अंगारा.

मी वहिनीवर ओरडले. खूप वाईट बोलले. ती चुलीपुढे बसून ऐकत होती. मग म्हणाली, "बांदू नको तर काय करू ताई? बुक्क्या मारती सोताच्या डोळ्यावर. रात दिस. वांत्या करती. हात सोडलं तर डोळा फोडून घील. तू सांग काय करू." आणि रडायला लागली. तिच्या मनगटावर हौसाच्या नखांचे ओरखडे होते. ती रात्र रात्र हौसाला धरून बसली होती, तिची झोप झालेली नव्हती.

किसनदादा म्हणाला, "भगत म्हनला, अमावस्येपर्यंत उतरंल."

"दादा, तिचा डोळा दुखतोय."

"आँ?"

"तिला वेड लागलेलं नाही. डोळा दुखतोय म्हणून ती डोळ्यावर मारतेय."

तो हौसापुढे बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला ते विचारलं. "हौसे, कुटं दुकतंय?"

हात बांधलेले होते. तिनं मान वळवली आणि सुजलेला डोळा त्याच्या खांद्यावर दाबला.

जीप मिळायला दुपार झाली. वाटेतल्या एका दवाखान्यात म्हणाले, ही तपासू देणार नाही, पुण्याला न्या. पुण्यातल्या पहिल्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरनं दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं आणि स्पष्ट सांगितलं की उजवा डोळा संपला. मोतीबिंदू पिकून फुगला, आत दाब वाढला, नस मेली. दिवाळीनंतर लगेच केलं असतं तर वाचला असता का, मी विचारलं. तो म्हणाला, बहुतेक. ते "बहुतेक" त्यानं असं म्हटलं, जसं कुणी गाडीची वेळ सांगावी.

डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू होता, पण तो डोळा अजून जिवंत होता. आता सगळं त्या एका डोळ्यावर होतं. तो गेला की हौसा कायमची अंधारात, आणि पुन्हा मेढीला.

"डाव्याचं ऑपरेशन करा," मी म्हटलं.

"पूर्ण भूल द्यावी लागेल. हिच्या हृदयाची तपासणी आली. रिस्क आहे. आणि एवढं करून..." तो किसनदादाकडे वळला. "हिला काय, लिहायचं-वाचायचं आहे का?"

किसनदादा टोपी हातात घेऊन उभा होता. दवाखान्यात तो कधी कुणाच्या पुढे बोलला नसेल. "न्हाई सायेब," तो म्हणाला. "वाचायचं न्हाई. तिला भात लावायचाय. उंबरा वलांडायचाय. आन कोंबडी कुटली, सरपंच कुटला, येवडं बगायचंय."

डॉक्टरला विनोद कळला नाही. आम्ही तिथून निघालो.

दुसरीकडे एक डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी हौसाला प्रश्नच विचारला नाही. आधी स्वतःचा हात पुढे केला. हौसानं वास घेतला. "औशीद," ती म्हणाली. "बरोबर," बाई म्हणाल्या आणि खाली फरशीवर तिच्या शेजारी बसल्या. अंधार करून डोळ्यात उजेड टाकला, भिंगं बदलत बघितली, नंबराचा अंदाज घेतला. हौसाला एक अक्षर बोलावं लागलं नाही. मी थक्क होऊन बघत होते. म्हणजे हे होतं! म्हणजे तपासता येत होतं! उजेड टाकायचं तसलंच यंत्र घोडेगावच्या टेबलावरही होतं, मी डोळ्यांनी बघितलं होतं. फक्त खाली बसायला कुणी तयार नव्हतं.

बाई म्हणाल्या, "अशा माणसांना मोतीबिंदू लवकर होऊ शकतो, मोठे नंबर असतात. लहानपणापासून दरवर्षी डोळे बघायला हवेत. आम्हाला हे शिकवलेलं असतं." मग भिंगं आवरत म्हणाल्या, "सगळ्यांना."

उजव्या डोळ्याचा दाब बाईंनी औषधांनी उतरवला, दुखणं थांबलं. हृदयाची तपासणी झाली. हृदय भूल सोसेल असं निघालं. पण ऑपरेशननंतर हौसानं डोळ्यावर बुक्की मारली तर? पट्टी ओरबाडली तर? थेंब घालू दिले नाहीत तर? बाईंनी सांगितलं, घरी सराव करा, तोवर मी तारीख देत नाही.

मग वाडीवर सराव सुरू झाला. उकळून गार केलेलं पाणी आणि स्वच्छ कापसाचा बोळा. हौसा काही ऐकेना. तिचा नियम एकच, आधी दुसऱ्याला. आधी वहिनीनं आडवं पडून डोळ्यात पाण्याचा थेंब घ्यायचा. मग किसनदादानं. मग चंद्री नावाच्या शेळीनं. चंद्री बेंऽऽ करून ओरडली की हौसा खदखदा हसायची आणि हसत हसत आडवी व्हायची. "आता माजा." शेजारची म्हातारी कुडाआडून बघायची. "आगं कमळे, एका येडीपायी सारं घर येडं झालं की."

"व्हऊ दे आत्ती," वहिनी डोळे पुसत म्हणायची. "तू बी ये. तुज्या डोळ्यात बी सोडते."

डोळ्यावर ओढणीची पट्टी बांधून बसायचाही सराव झाला. तोंडाला लावायचा भुलीचा मास्क बाईंनी घरी दिला होता. तो हौसानं शेळीला लावला, वहिनीला लावला, आणि मग स्वतःच लावून झोपायला लागली.

चैत्रात ऑपरेशन झालं. पट्टी काढली त्या सकाळी आम्ही तिघं कॉटभोवती उभे होतो. हौसानं सवयीनं वहिनीचा हात पकडला, नाकाशी नेला. वास पटला. मग मान वर केली. बराच वेळ बघत होती. तिचा चेहरा हसरा झाला नाही, उलट ती घाबरली.

"वैनी," ती म्हणाली, "तुजं केस कुनी पांडरं केलं?"

तिनं वहिनीला शेवटचं बघितलं होतं तेव्हा ते केस काळे होते. मधली सगळी वर्षं तिच्याकडून कुणी नेली, असं ती विचारत होती. किसनदादा खिडकीशी जाऊन उभा राहिला. त्याचेही पांढरेच झाले होते.

दवाखान्यातून बाहेर आलो तर कडक ऊन. हौसानं डोळ्यावर हात धरला आणि आभाळाकडे बोट करून ओरडली, "बंद कर ती! लई झाली!" रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. या वेळी आधी हौसा हसली, मग आम्ही.

चष्मा लागला. तो नाकावर ठरेना, बसक्या नाकावर नेहमीची दांडी बसत नाही. वहिनीनं परकराची नाडी लावून मागे बांधला. हौसाला अजूनही मोजता येत नाही. अजूनही कुणीही आलं तरी ती "तू का?" म्हणते. ऑपरेशननं ती शहाणी झाली असं कुणी समजू नका, आणि ती शहाणी झाली तरच ऑपरेशन वाया गेलं नाही असंही समजू नका. तिला दिसायला लागलं. तेवढंच मागितलं होतं.

मी तिला शेवटचं पाहिलं ते वैशाखात, आहुप्याला. देवराईच्या जेवणाचा दिवस. वहिनी हट्टानं तिला घेऊन आली होती, मलाही बोलावलं होतं. सावलीच्या कडेला हौसा थांबली. बरोबर तिथेच, जिथे पूर्वी फतकल मारायची. पुढे गेलेली माणसं वळून बघू लागली, बायांनी हात जोडले. हौसानं चपला काढल्या, एकावर एक नीट ठेवल्या. एक पाय हवेत उचलला. खाली बघितलं. पाला होता, मुळं होती. ती वाकली, मुळाला हात लावला, वास घेतला, आणि "अंदार हाय" असं पुटपुटत त्या मुळावरून पलीकडे गेली. वहिनीनं पुढे केलेला पदर तिनं धरला नाही. मग झाडांमध्ये तिची ठेंगणी पाठ आणि डोक्यामागची नाडीची गाठ तेवढी दिसत राहिली.

माझ्याशेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "बगा ताई. देवानं माफ केलं तिला."

माफ केलं! तिला! मी तिथे मोठ्यानं बोलले नाही, कारण देवराईत बोलायचं नसतं. इथे बोलते. हौसानं काय गुन्हा केला होता? माफी तिच्या भाचीच्या लग्नातल्या माणसांनी मागावी. घोडेगावच्या लाईनीत हसलेल्यांनी मागावी. खुर्चीवरून उठवणाऱ्यानं मागावी. उजवा डोळा कुणाच्याही माफीनं परत येणार नाही.

आता तुमच्याकडे येते. तुमच्या आळीत, वाडीत, भावकीत एक हौसा आहे. जुन्नरला असेल, ओतूरला असेल. तुम्ही तिचं नाव घेताना आवाज खाली आणता. ती अडखळते, ताटातलं सांडते, अंधाराला भिते, स्वतःच्या तोंडावर मारून घेते, आणि तुम्ही म्हणता, तिचं असंच असतं. उद्या सकाळी तिच्या घरी जा. डोळे शेवटचे कधी तपासले ते विचारा. कधीच नाही, असं उत्तर आलं तर तिला घेऊन निघा. आणि जो कुणी म्हणेल, "हिला समजत नाही, कशी तपासू?" त्याच्या खुर्चीसमोरून उठू नका. मागे लाईन लागू दे. लाईन ओरडू दे. तो बॅटरी हातात घेऊन खाली बसेपर्यंत उठू नका.